ती 26 मिनिटं: गर्दीचं गणित, मिना आणि आपलं नाशिक

आज सुरुवात एका शब्दापासून करू. चेंगराचेंगरी.

हिंदी बातम्यांमध्ये ह्याच घटनेला 'भगदड' म्हणतात, इंग्रजीत 'स्टॅम्पीड'. भगदड म्हणजे पळापळ. स्टॅम्पीड तर गुराढोरांसाठीचा शब्द, कळप बिथरून उधळला की वापरायचा. ह्या दोन्ही शब्दांत लोक पळतायत, म्हणजे चूक पळणाऱ्यांची. मराठी शब्दात मात्र कुणी पळत नाहीये. लोक चेंगरले जातायत, एवढंच. गेल्या पन्नासेक वर्षांत भौतिकशास्त्रवाल्यांनी, सिव्हिल इंजिनिअर लोकांनी आणि आमच्या सॉफ्टवेअरवाल्या जमातीने मिळून गर्दीबद्दल जे शोधून काढलं, त्याचा अर्धा भाग आपल्या ह्या एका शब्दात आधीपासून बसलेला होता. आजचा भाग त्या शोधाचा इतिहास आहे. आणि त्यात एक प्रश्न आहे, तो 2027 च्या नाशिकसाठी मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी नाशिकच. 27 ऑगस्ट 2003, सिंहस्थातल्या शाही स्नानाचा दिवस. रामकुंडाकडे उतरणारा सरदार चौकाजवळचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, अरुंद आणि उताराचा. मिरवणूक जाईपर्यंत लोक बॅरिकेडमागे थोपवून धरलेले. मग जे झालं त्यात 39 माणसं गेली, त्यात बायका जास्त. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये सगळीकडे एक तपशील होता: साधूंनी चांदीची नाणी उधळली, ती उचलायला लोक वाकले. आता हा तपशील एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. आणि तो डोक्यात बसला की रस्त्याची रुंदी, उतार, किती वेळ लोक अडवले होते, हे सगळं मागे पडतं. उरतं काय? नाण्यांसाठी वाकलेली माणसं.

रिकाम्या मैदानात नाणं उचलायला वाकलात तर नाणं मिळतं. त्या रस्त्यावर त्या क्षणी वाकलात तर जीव जातो. फरक नाण्यात नाही, आजूबाजूला चौरस मीटरमागे किती माणसं आहेत ह्यात आहे. हे आज आपण सहज म्हणू शकतो, पण असं बघायला माणसाला बराच वेळ लागला.

पहिलं नाव घ्यायचं ते जॉन फ्रुइन. हा न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीमधला इंजिनिअर. बस टर्मिनल, स्टेशनं, जिने हे त्याचं रोजचं काम. 1971 साली त्याचं पादचाऱ्यांच्या नियोजनावरचं पुस्तक आलं. त्याने केलं काय, तर माणसांच्या येण्याजाण्याचं टाइम-लॅप्स चित्रीकरण करून मोजमाप केलं. हायवेवाले गाड्यांच्या वर्दळीला ए ते एफ अशा श्रेणी देतात, त्याने त्या चालणाऱ्या माणसांना लावल्या. ए म्हणजे निवांत, एफ म्हणजे खांद्याला खांदा आणि जवळजवळ थांबलेलं. माणूस वरून बघितला की कसा दिसतो? लंबवर्तुळासारखा. त्याने हिशोबासाठी ते 24 इंच बाय 18 इंच धरलं. हे इतकं साधं आहे की हसू येईल. पण ह्या लंबवर्तुळामुळे पहिल्यांदा जिन्याची रुंदी 'अंदाजे' न ठरवता मोजून ठरवता यायला लागली.

पुढे 1993 मध्ये फ्रुइनने गर्दीतल्या दुर्घटनांवर एक लेख लिहिला आणि त्यात एक आकडा सांगितला, तो लक्षात ठेवा: चौरस मीटरमागे साधारण सात. घरी फरशीवर खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा आणि त्यात किती जण उभे राहतात बघा. चार जण ठीक. पाच म्हणजे लिफ्ट. सातच्या आसपास गेलात की माणूस 'चालणं' हा प्रकार संपतो, कारण पाऊल टाकायला जागाच नसते. गर्दी द्रवासारखी वागायला लागते. मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि माणसं स्वतःच्या इच्छेशिवाय तीन तीन मीटर ढकलली जातात. माणसं मरतात ती बहुतेकदा तुडवली जाऊन नाही, उभ्या उभ्या, छाती फुगवायला जागा न मिळाल्यामुळे. श्वास कोंडून.

इथे मुंबईकर हमखास विचारतात, मग लोकलचं काय? रेल्वेच्याच भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा प्रकार आहे, चौरस मीटरमागे 14 ते 16 उभे प्रवासी. ते रोज जिवंत कसे उतरतात? माझं उत्तर असं की डब्याला भिंती आहेत. तुमच्यामागे ढकलणारी माणसं फार तर काही डझन, आणि दार भरलं की आणखी आत येऊ शकत नाहीत, बाहेर लटकतात (तो वेगळा मृत्यू). रस्त्यावर किंवा पुलावर तुमच्यामागे हजारो असतात आणि सगळ्यात मागच्याला पुढचं काहीच दिसत नसतं. तो फक्त एक पाऊल पुढे टाकतो. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर 23 जण गेले. पाऊस होता म्हणून वरचे लोक जिन्यावर थांबून राहिले, खाली गाड्यांमधून लोक उतरतच होते. त्यातला प्रत्येक जण काय चुकीचं वागत होता? पावसात थांबणं आणि गाडीतून उतरणं, दोन्ही गुन्हे नाहीत.

बरं, फ्रुइनने मोजलं. पण मोजणं म्हणजे सिम्युलेशन नाही. सिम्युलेशन म्हणजे अजून न घडलेली गर्दी कॉम्प्युटरमध्ये घडवून बघायची. त्यासाठी प्रत्येक माणूस कसा हलतो ह्याचा नियम हवा.

ह्यात पहिला धाडसी प्रयत्न एल. एफ. हेंडरसन यांचा, तोही 1971 चाच. त्यांनी चालणाऱ्या माणसांचे वेग मोजले आणि म्हटलं की हे वायूच्या रेणूंसारखे वाटले गेलेत. म्हणजे बारावीच्या फिजिक्समधला मॅक्सवेल-बोल्ट्झमन, रेणूंच्या जागी माणसं. कल्पना छानच आहे. अडचण एवढीच की रेणूला घरी जायचं नसतं. माणसाला कुठेतरी पोचायचं असतं, बरोबर मूल असतं, समोरून येणाऱ्याला तो चुकवतो.

ही उणीव भरून काढली डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी, 1995 मध्ये. त्यांच्या मॉडेलला 'सोशल फोर्स' म्हणतात. प्रत्येक माणूस एक गोल. त्याच्यावर तीन-चार बळं लावायची: मुक्कामाकडे ओढणारं, भिंतीपासून दूर ढकलणारं, परक्या माणसापासून थोडं लांब ठेवणारं. खरं तर कुणी कुणाला हात लावत नाही, पण आपण अनोळखी माणसापासून जे अंतर राखतो ते 'बळ' आहे असं मानायचं आणि न्यूटनचं दुसरं समीकरण लावायचं. एवढंच. आणि एवढ्यावर असं काही दिसायला लागतं की जे कोडमध्ये कुणी लिहिलेलंच नसतं. दोन्हीकडून लोक सोडले की आपोआप रांगा पडतात, जाणाऱ्यांच्या वेगळ्या, येणाऱ्यांच्या वेगळ्या, लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आधी पडतात तशाच. अरुंद दाराशी थोडा वेळ ही बाजू, थोडा वेळ ती बाजू असं आळीपाळीने जाणं सुरू होतं.

2000 साली हेल्बिंगने हंगेरीच्या इलेश फारकाश आणि तमाश विचेक यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये एक लेख छापला आणि त्यातला निष्कर्ष जगभर गाजला: घाई केली की उशीर होतो. म्हणजे खोलीतल्या लोकांचा हवासा वेग वाढवत नेलात, तर एका मर्यादेनंतर बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, कारण दाराशी माणसांची कमान तयार होते आणि ती अडकून बसते. आणि त्याहून विचित्र म्हणजे, दाराच्या अलीकडे थोडा बाजूला एक खांब उभा केला तर लोक लवकर बाहेर पडू शकतात. अडथळा घातला आणि वाट मोकळी झाली!

मला हे वाचून पटेना, म्हणून एका शनिवारी पायथनमध्ये लिहून बघितलं. दोनशे गोल, एक खोली, एक दार. कोड फार नाही, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाही जमेल. वेगाचा आकडा वाढवत गेलो की दाराशी खरोखर अर्धवर्तुळ तयार होतं, हलायचं थांबतं, मग एकदम तुटतं आणि चार-पाच गोल फसकन बाहेर पडतात. त्या गोलांना मेंदू नाही, भीती नाही, नाण्यांचा मोह नाही. तरी ते चेंगरतात. स्क्रीनवर हे एकदा बघितलं की 'लोक घाबरले आणि अनर्थ झाला' ह्या वाक्याकडे बघायची नजरच बदलते. (गंमत म्हणजे खुद्द त्या लेखाच्या शीर्षकात 'पॅनिक' शब्द आहे. शास्त्रज्ञांनाही जुनी सवय सुटायला वेळ लागतो.)

आता मुख्य गोष्टीकडे. सौदी अरेबियात मक्केजवळ मिना नावाचं खोरं आहे. हजच्या दिवसांत तिथे जमरात म्हणजे सैतानाचं प्रतीक मानलेल्या तीन खांबांना खडे मारायचा विधी असतो. लाखो माणसं, तेच तीन खांब, ठरलेले दिवस, ठरलेल्या वेळा. 1963 मध्ये तिथे पूल बांधला, म्हणजे लोक वरूनही आणि खालूनही खडे मारू शकतील. तरी अपघात होतच राहिले. 1994 मध्ये 270 माणसं गेली, 1998 मध्ये 118, 2004 मध्ये 251. दर वेळी चर्चा तीच: लोकांनी शिस्त पाळली नाही, सामान घेऊन आले, घाई केली.

2004 नंतर एक बदल झाला, तो मला अख्ख्या इतिहासात सगळ्यात सुंदर वाटतो. गोल खांबांच्या जागी लांब भिंती उभ्या केल्या, जवळपास 26 मीटर लांबीच्या. विचार करा. खांब गोल आणि बारीक असेल तर सगळे एकाच बिंदूकडे जाणार, आणि मारून झालेला माणूस येणाऱ्यांच्या छातीवर उलटा येणार. भिंत लांब असेल तर लोक तिच्या कडेने चालत चालत खडे मारत पुढे निघून जातात. कुणाला शिस्त शिकवली नाही. दगडाचा आकार बदलला.

पण खांब सुटला तरी पुलाचं तोंड तेच राहिलं. 12 जानेवारी 2006. हजचा शेवटचा टप्पा, दुपार, परतीच्या घाईतले लोक, हातात बॅगा. पुलाच्या पूर्वेकडच्या प्रवेशाशी गर्दी झाली आणि 346 माणसं मेली.

ह्या वेळी मात्र एक गोष्ट वेगळी होती. तिथे कॅमेरा सुरू होता. सौदी सरकारच्या नगरविकासाच्या खात्यातले वरिष्ठ अधिकारी हबीब झैन अल-आबिदीन यांच्यामार्फत ते चित्रीकरण हेल्बिंग आणि त्यांचा विद्यार्थी आंडर्स योहान्सन यांच्यापर्यंत पोचलं. त्यांनी प्रत्येक फ्रेममधली डोकी कॉम्प्युटरने शोधून त्यांचा वेग काढला, आणि तिघांच्या नावाने 2007 मध्ये निबंध आला.

त्यांना काय दिसलं, तर गर्दीच्या तीन अवस्था. आधी संथ, सलग प्रवाह. मग 11 वाजून 53 मिनिटांनी काहीतरी बदललं: लोक थांबत थांबत पुढे सरकायला लागले. थांब-चल, थांब-चल, जशी एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची होते, आणि ही थांबण्याची लाट मागे मागे सरकत जाते. मग 12 वाजून 19 मिनिटांनी तिसरी अवस्था. त्याला त्यांनी नाव दिलं 'क्राउड टर्ब्युलन्स'. माणसं सगळ्या दिशांना फेकली जायला लागली, पुढे, मागे, आडवी. काही ठिकाणी चौरस मीटरमागे दहा माणसं. ह्या अवस्थेत कुणी पडलं की उठत नाही.

11:53 ते 12:19. सव्वीस मिनिटं.

म्हणजे थांब-चल सुरू झालं तेव्हा अजून कुणीही मेलेलं नव्हतं. कुणी किंचाळत नव्हतं. जमिनीवर उभ्या असलेल्या पोलिसाला तर नुसती दाट गर्दी दिसत असणार, जी तिथे दर वर्षी दिसते. पण वरून, आकड्यांमध्ये, धोक्याची खूण स्पष्ट होती. हा माझ्या मते ह्या सगळ्या विषयाचा गाभा आहे. सिम्युलेशनने आपल्याला भविष्य सांगितलेलं नाही. तिने फक्त कुठे बघायचं ते सांगितलं. नुसती माणसं मोजून भागत नाही, वेगातला चढउतार बघावा लागतो. त्यांनी 'गर्दीचा दाब' म्हणून जे मोजमाप काढलं ते हेच: घनता गुणिले वेगातला फरक. शंभर माणसं शांत उभी असणं वेगळं, आणि तीच शंभर माणसं थरथरत असणं वेगळं.

मग पुढच्या वर्षी, 2007 च्या मोसमात, तिथे काय केलं? मार्ग एकेरी केले, जाणारे आणि येणारे समोरासमोर यायचेच नाहीत. नोंदणी केलेल्या गटांना वेळा वाटून दिल्या. कॅमेऱ्याने आपोआप मोजणी सुरू केली. जुना पूल पाडला आणि त्या जागी अनेक मजल्यांचा नवा बांधला, 950 मीटर लांब, 80 मीटर रुंद, ताशी तीन लाख माणसांसाठी. त्या पुलावर पुन्हा तसा अपघात झाला नाही.

इथे गोष्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. 24 सप्टेंबर 2015 ला मिनामध्येच पुन्हा चेंगराचेंगरी झाली. पुलावर नाही, पुलाकडे जाणाऱ्या वाटेवर, 204 आणि 223 नंबरचे रस्ते मिळतात तिथे. सरकारी आकडा 769. असोसिएटेड प्रेसने देशोदेशीच्या सरकारांनी जाहीर केलेले मृत्यू एकत्र केले तर बेरीज 2,400 च्या वर गेली. आमच्या धंद्यात ज्याने कुठल्याही सर्व्हरवर काम केलंय त्याला ही भावना ओळखीची असेल: एक बॉटलनेक काढलात की सिस्टीम वेगवान होत नाही, बॉटलनेक दुसरीकडे जाऊन बसतो. फक्त आमच्याकडे रिक्वेस्ट टाइमआउट होते.

आता तारीख बघा. 24 सप्टेंबर 2015. दुसऱ्या दिवशी, 25 तारखेला, आपल्या त्र्यंबकेश्वरला शाही स्नान होतं.

नाशिकचा 2015 चा सिंहस्थ ह्या इतिहासात वेगळ्या कारणाने येतो. मूळचे नाशिकचे, सीओईपीत शिकलेले रमेश रासकर तेव्हा एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक होते. त्यांच्या पुढाकाराने 'कुंभाथॉन' सुरू झालं: कुंभाच्या अडचणींवर इथल्याच पोरांनी उपाय काढायचे. त्यातून निलय कुलकर्णी नावाच्या शाळकरी नाशिककर मुलाने आणि त्याच्या गटाने एक चटई बनवली. नाव 'आशिओतो', जपानीत पावलाचा आवाज. चटईत दाबाचे सेन्सर, वरून लोक चालले की पावलं मोजली जातात आणि आकडा लगेच इंटरनेटवरून पुढे जातो. 2015 मध्ये ती प्रत्यक्ष वापरली आणि 18 तासांत सुमारे पाच लाख माणसांची मोजणी झाली.

मला ही चटई महागड्या कॅमेऱ्यापेक्षा आवडते, आणि ते नुसतं नाशिकच्या पोरांचं कौतुक म्हणून नाही. एका वाटेवर अंथरली की ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: मिनिटाला किती आत गेले. दुसरी चटई परतीच्या वाटेवर टाका: किती बाहेर आले. वजाबाकी करा. आत जाणारे वाढतायत आणि बाहेर येणारे वाढत नाहीत, म्हणजे मध्ये कुठेतरी माणसं साचतायत. ना चेहरे टिपायचे, ना कुणाचा मोबाईल ट्रॅक करायचा.

त्या वर्षी नाशिकमध्ये 2003 सारखं काही झालं नाही. रामकुंडावरच सगळ्यांना एकवटू न देता गोदावरीच्या इतर घाटांकडे वळवलं होतं, नवे घाट बांधले होते. पण त्याची दुसरी बाजूही सांगतो. 29 ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला बंदोबस्त इतका कडक होता, बॅरिकेड इतकी होती की भाविकांना मैलोनमैल चालावं लागलं, दुकानं ओस पडली आणि अपेक्षेच्या मानाने माणसं फारच कमी आली. लोकांनी प्रशासनाला शिव्या घातल्या. पुढच्या पर्वणीला बंधनं थोडी सैल केली. म्हातारी आजी आठ-दहा किलोमीटर चालून घाटावर पोचली आणि परत तेवढीच चालली, तर ते यश म्हणायचं की नाही, हे कुठल्याही सिम्युलेशनमधून निघत नाही. आकड्यांत ती 'सुरक्षित' आहे.

मग आला एआय. 2016 मध्ये शांघायच्या संशोधकांनी एक डेटासेट प्रसिद्ध केला, गर्दीचे 1,198 फोटो आणि त्यात हाताने ठिपका ठेवलेली सुमारे तीन लाख तीस हजार डोकी. असल्या डेटावर न्यूरल नेटवर्क शिकवलं की ते नवीन फोटो बघून घनतेचा नकाशा काढतं, कुठे किती दाट. आज जिथे जिथे 'एआय कॅमेरे गर्दी मोजणार' अशी बातमी वाचता, तिथे आत साधारण ह्याच जातीचं काहीतरी असतं. ते चांगलं चालतं, खरंच. माझी शंका एवढीच की चीनमधल्या रस्त्यांवरच्या आणि इंटरनेटवरच्या फोटोंवर शिकलेल्या मॉडेलला डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, श्रावणातल्या छत्र्या आणि पहाटे चार वाजताचा हॅलोजन हे कसं दिसत असेल? आपल्या घाटावरची डोकी आपणच कुणीतरी बसून ठिपके ठेवून शिकवली पाहिजेत. कंटाळवाणं काम आहे, पण इंटर्नशिपला ह्याहून फालतू कामं दिलेली मी पाहिली आहेत.

आणि समजा मोजणी अचूक झाली. पुढे?

29 ऑक्टोबर 2022, सोल शहरातला इटेवॉन भाग, हॅलोविनची रात्र. चारेक मीटर रुंदीची उताराची गल्ली. बहुतेक विशीतली पोरं, तुमच्या-माझ्या वयाची, फिरायला आलेली. 159 जण गेले. तिथे धोक्याचा इशारा द्यायला एआय लागलाच नाही. संध्याकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी कुणीतरी पोलिसांना फोन करून सांगितलं होतं की इथे माणसं चेंगरून मरतील. दुर्घटना घडली रात्री सव्वादहाच्या सुमारास. मधल्या वेळात असे अकरा फोन गेले. मिनाला सव्वीस मिनिटं होती, इथे साडेतीन तासांहून जास्त. त्यानंतर सोलने घनता मोजणारे एआय कॅमेरे बसवले, आणि बसवायलाच हवे होते. पण त्या रात्री कमी पडली ती माहिती नव्हती.

प्रयागराज, 29 जानेवारी 2025, मौनी अमावास्या. तिथे तर सगळं होतं: नियंत्रण कक्ष, सुमारे 2,700 कॅमेरे, त्यातले काहीशे एआयचे. मध्यरात्रीनंतर संगमाच्या टोकाशी बॅरिकेड तुटलं आणि लोक घाटावर झोपलेल्यांच्या अंगावर गेले. सरकारने आधी 30 मृत्यू सांगितले, बीबीसीच्या तपासात किमान 82 निघाले. ब्राह्ममुहूर्ताची वाट बघत घाटावरच झोपलेली माणसं म्हणजे बाहेर न पडलेली माणसं. ती तिथे तासन् तास होती. घनतेच्या नकाशावर तो डाग दिसलाच नसेल, असं मला वाटत नाही. प्रश्न हा की डाग दिसल्यावर मागचं फाटक बंद करायचा हुकूम कोण देणार होतं, आणि ते बंद केल्यावर मागे अडकलेल्या लाखभर लोकांना कोण, कुठल्या भोंग्यावरून, काय सांगणार होतं.

व्हेनिसचं उदाहरण सौम्य आहे, तिथे कुणी मरत नाही, पण गाठ तीच. त्या शहराने 2020 मध्ये मोठा कंट्रोल रूम उभारला. मोबाईलच्या डेटावरून शहरात आत्ता किती माणसं आहेत, त्यातली पर्यटक किती, हे त्यांना कळतं. एप्रिल 2024 पासून गर्दीच्या दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला लागले. पैसे जमले, गर्दी फारशी हलली नाही. पाच युरोत तिथे धड पिझ्झाही मिळत नाही, त्यासाठी कोण घरी बसेल?

तर 2027 ला नाशिकमध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. कॅमेरे येतील, ड्रोन येतील, एआय येईल, ह्यात मला शंका नाही. उद्घाटनाचे फोटोही येतील. मला उत्सुकता वेगळ्याच एका कागदाची आहे. स्क्रीनवर थांब-चल दिसायला लागलं, समजा पहाटे साडेचार वाजता, तर कुठल्या हुद्द्याचा माणूस, वरिष्ठांना न विचारता, कुठलं फाटक बंद करू शकतो? आखाड्याची मिरवणूक वाटेत असली तरी करू शकतो का? आणि अडवलेल्यांना वळवायची दुसरी वाट कुठली, आणि तिची रुंदी किती? ही उत्तरं लिहिलेली असतील तर त्यांची रंगीत तालीम सिम्युलेशनमध्ये हजार वेळा करता येते, फाटक दोन मिनिटं उशिरा बंद केलं तर काय होतं तेही बघता येतं. लिहिलेली नसतील तर सिम्युलेशनला घालायला इनपुटच नाही.

मी सध्या पंचवटीच्या नकाशावर माझे ते गोल सोडून बघतोय. रस्त्यांची रुंदी नकाशावरून मिळते, पण माणसं नेमकी कुठे थांबतात, कुठल्या बोळातून निघतात, चपला कुठे काढतात, हे नकाशात नसतं. म्हणून नाशिककरांनो, तुम्ही किंवा घरातलं कुणी 2003 ला किंवा 2015 ला पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर असाल, तर व्हॉइस नोट पाठवा. फार काही नको. कुठून आत गेलात, किती वेळ अडवलं होतं, आणि कुठल्या वाटेने परत आलात, एवढंच सांगा.